ठराव ‘ऐनवेळच्या विषयात’ घेऊ नका: हरकती-सूचनांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

परवा एका मुलीचा मेसेज आला. एमएस्सी संपत आलीय तिची, आणि विचारत होती की ताई मला निसर्ग संवर्धनात यायचंय, पण कॅमेरा ट्रॅप आणि पक्षीगणनेच्या बाजूने नाही, कुठे खाण येणार, कुठे रस्ता जाणार, कुठलं जंगल राहणार हे ज्या कागदांवर ठरतं त्या कागदांपर्यंत गावातल्या माणसांचं म्हणणं पोचवायचं काम करायचंय, तर सुरुवात कुठून करू. तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढत गेलं की म्हटलं सगळ्यांसाठीच लिहावं, कारण हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि मी दर वेळी अर्धवट सांगते.

मसुदा अधिसूचना काय असते, इको-सेन्सिटिव्ह म्हणजे काय, सातबारा कसा वाचायचा एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतेय. येत नसेल तर आधी ते शिका, फार वेळ लागत नाही, आणि ते न शिकता गावात जाऊ नका. गावातल्या दहावी झालेल्या बाईला सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचता येतो आणि तुम्हाला येत नाही हे तिच्या लगेच लक्षात येतं, मग पुढचं काही ती मनावर घेत नाही.

माझं बहुतेक काम सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झालंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हा सिंधुदुर्गाचा दक्षिणेकडचा कोपरा, एका बाजूला गोवा, एका बाजूला कर्नाटक. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले ते याच भागात, आणि राधानगरीपासून तिलारीपर्यंत वाघांची ये-जा होते ती याच डोंगररांगेतून. बांबर्डे-हेवाळेला मिरिस्टिका स्वॅम्प आहे, जायफळाच्या कुळातल्या झाडांची पाण्यात उभी असलेली राई, महाराष्ट्रात ही गोष्ट इतकी दुर्मीळ आहे की ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आणि याच पट्ट्यात खाजगी जंगलं झपाट्याने तुटून रबर आणि काजू लागला, अननस लागला, खाणींचे प्रस्ताव आले. इथली जमीन सरकारी वनखात्याची कमी आणि लोकांची, सामायिक, देवस्थानाची जास्त, त्यात परत वनसंज्ञा (खाजगी जमिनीला कागदावर लागलेली ‘वन’ अशी नोंद), आकारीपड (सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन), आंबोली-चौकुळ-गेळेकडे कबुलायतदार गावकर (गावाने सामायिक धरलेली जमीन) असले जमिनीचे गुंते. म्हणजे इथलं जंगल वाचायचं असेल तर ते लोकांना विचारूनच वाचणार, कुंपण घालून नाही.

आणि लोकांनी विचारायची वाट बघितली नव्हती हे विशेष. पश्चिम घाट कसा जपायचा हे सुचवायला गाडगीळ समिती २०१० मध्ये नेमली गेली, अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला, त्या काळातच सावंतवाडी-दोडामार्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी ‘आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या’, म्हणजे खाणी आणि मोठ्या प्रकल्पांना बंदी असलेल्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्रात घ्या, असे ठराव केले होते. पुढे त्याच विषयावर नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात सिंधुदुर्गातली बरीच गावं आली पण हा पट्टा बाहेर राहिला. ज्यांनी घ्या म्हटलं त्यांना घेतलं नाही. मी कॉलेजात असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटेना. त्या रागातूनच मी या कामात आले.

आता माझी चूक सांगते, कारण हे सगळं लिहायचं मूळ कारण तेच आहे.

पश्चिम घाटातली कुठली गावं संवेदनशील क्षेत्रात घ्यायची त्याची यादी देणाऱ्या मसुदा अधिसूचना आत्तापर्यंत सहा निघाल्या, २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४. मसुदा निघाला की ठरावीक मुदतीत अंतिम व्हावा लागतो, नाही झाला तर परत नवा मसुदा, परत नव्या हरकती. त्यातला चौथा निघाला ३ ऑक्टोबर २०१८ला. हरकती-सूचनांना मुदत ६० दिवस, राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून. आता तारखा नीट बघा. आपल्याकडे ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून होतात. मसुदा निघाला ३ तारखेला, म्हणजे गांधी जयंतीची ग्रामसभा आदल्या दिवशीच होऊन गेलेली, आणि पुढची थेट जानेवारीत. मुदत मात्र डिसेंबरच्या सुरुवातीला संपणार. मी तेव्हा एका छोट्या संस्थेत नवीन, वय २४, पगार १२ हजार, आणि माझ्याकडे ५ गावं दिलेली. या गावांकडून ‘आम्हाला यादीत घ्या’ अशी सूचना ग्रामसभेच्या ठरावासकट दिल्लीला पाठवायची, एवढं काम.

मी काय केलं तर एका गावात नळपाणी योजनेसाठी विशेष ग्रामसभा लागली होती नोव्हेंबरात, सरपंच आमच्या बाजूचे, ते म्हणाले त्यातच घेऊ उरकून. नोटीस निघून गेली होती त्यामुळे आपला विषय त्यात नव्हता. मग शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात आमचा ठराव घेतला. कोणी विरोध केला नाही, टाळ्या वाजल्या, सूचक-अनुमोदक नावं पडली, ग्रामसेवकांनी ठराव लिहिला, सही शिक्का झाला. दुसऱ्या गावात तर त्याहून वाईट, तिथे ग्रामसभा लागणारच नव्हती म्हणून मासिक सभेत, म्हणजे फक्त पंचायत सदस्यांच्या मीटिंगमध्ये ठराव घेतला आणि मी तो ‘ग्रामसभेचा ठराव’ म्हणून पत्राला जोडला. मला तेव्हा फरकच माहीत नव्हता. लेटरहेड एकच, शिक्का एकच, ठराव क्रमांक तसाच, मला वाटलं ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे ठराव.

साधारण दोन महिन्यांनी पहिल्या गावातल्या काही लोकांनी तक्रार केली की हा विषय नोटिशीत नव्हता, आम्हाला माहीत असतं तर आम्ही आलो असतो आणि विरोध केला असता. ज्यांची डोंगरावरची जमीन चिऱ्याच्या खाणीला द्यायचं चाललं होतं ते त्यात पुढे होते हे खरं, पण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांना खरंच कळवलं नव्हतं. तालुक्याच्या एका ऑफिसातून चौकशी झाली, नोटीस वहीची झेरॉक्स काढली, विषयपत्रिकेत पाणी योजना एवढंच, आणि ठराव नियमबाह्य असल्याचं पत्र आलं. मासिक सभेच्या ठरावाचं तर कोणी तक्रार करायचीही गरज नव्हती, तो वरच्या मीटिंगमध्ये एका साहेबांनी बघितला, मथळा वाचला आणि बाजूला ठेवला. तोवर ६० दिवस कधीच संपलेले. दोन गावांचं म्हणणं माझ्यामुळे फाईलमधून बाहेर पडलं. आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे पहिल्या गावात ‘संस्थावाले फसवून ठराव करून घेतात’ हे कायमचं बसलं, तिथे मला पुढची दोन वर्षं कोणी धड बसायला सांगितलं नाही, आणि आज सहा-सात वर्षांनीही त्या गावच्या स्टँडवर उतरताना मला पोटात गोळा येतो.

त्या ग्रामपंचायतीचे शिपाईकाका होते, त्यांना मी विचारलं की काका तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत. ते म्हणाले, “बाय, माका कोणी इचारल्यान? नोटिशीत नाय ता ठरावात खयसून येतला?”

म्हणून हे आता खूप सविस्तर लिहितेय, कंटाळा आला तरी वाचा.

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतले सगळे मतदार. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य, त्यांची दर महिन्याला होते ती मासिक सभा. दोन्हींचं इतिवृत्त वेगळ्या वहीत असतं. ठरावाची नक्कल हातात आली की पहिली ओळ वाचा, तिथे ‘ग्रामसभा दिनांक अमुक’ आहे की ‘मासिक सभा दिनांक अमुक’. ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, कामाच्या रगाड्यात जो छापील नमुना हाताशी असेल त्यावर लिहून देतात, त्यात त्यांचा काही डाव नसतो, पण वाचायची जबाबदारी तुमची.

मग नोटीस. नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस किमान ७ दिवस आधी निघावी लागते आणि तुमचा विषय त्या नोटिशीवर स्वतंत्र क्रमांकाने पाहिजे. ‘पर्यावरण विषयक चर्चा’ असा मोघम नको. ‘पश्चिम घाट मसुदा अधिसूचनेबाबत गावाची सूचना/हरकत निश्चित करणे’ असा पाहिजे, म्हणजे ज्याला विरोध करायचा आहे त्यालाही कळेल की या दिवशी यायचंय. यासाठी नोटीस निघायच्या आधीच अर्ज द्यावा लागतो, म्हणजे ग्रामसभेच्या निदान तीन आठवडे आधी तुम्ही सरपंच आणि ग्रामसेवकांकडे लेखी विषय देऊन त्याची पोच घेतलेली पाहिजे. पोच म्हणजे आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली तुमच्या प्रतीवरची सही. तोंडी ‘घेतो हां ताई’ हे काही पोच नाही. नोटीस बोर्डावर लागली की तिचा फोटो काढा, दवंडी झाली असेल किंवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. महिला ग्रामसभा आधी होते, तिथेही विषय घ्या, माझा अनुभव असा की खरी चर्चा तिथेच होते, पाणी कुठे आटलं आणि कुठला व्हाळ मार्चमध्येच सुकतो हे बायका सांगतात.

मग गणपूर्ती, म्हणजे कोरम. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे ४६० मतदारांचं गाव असेल तर ६९, आणि ९०० मतदार असतील तर १०० पुरेत. हजेरी वहीत सह्या आणि अंगठे मोजा, स्वतः मोजा, ‘भरपूर होते’ यावर जाऊ नका. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण विषय तेच राहतात. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेचं गणित वेगळं आहे, तिथे निम्मे सदस्य लागतात आणि त्यात एक तृतीयांश तरी बायका. हे दोन्ही मिसळू नका, मी हे मिसळलेली पत्रं अनुभवी लोकांकडून पाहिलीत.

आणि कोकणातली खास अडचण म्हणजे ग्रुप ग्रामपंचायत. एका पंचायतीखाली दोन-तीन महसुली गावं असतात, पण अधिसूचनेच्या यादीत नावं गावागणिक येतात, तीही इंग्रजीत आणि अशा स्पेलिंगने की आपलं गाव आहे का शेजारचं ते ओळखू येऊ नये. ठरावात महसुली गावाचं नाव लिहा, तालुका लिहा, जनगणनेतला गावाचा कोड लिहा, आणि एकापेक्षा जास्त गावं असतील तर प्रत्येकाचं वेगळं वाक्य करा.

तारखांचं गणित आता तुम्हाला स्वतःलाच करता यायला हवं. २०२२चा मसुदा ६ जुलैला निघाला, २०२४चा ३१ जुलैला, वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दोन्ही वेळा १५ ऑगस्टची ग्रामसभा ६० दिवसांच्या आत पडत होती. पण ३१ जुलैला निघालेली गोष्ट कळून, वाचून, मराठीत समजावून, नोटिशीत घालायची म्हणजे हातात आठवडाभरच. २०२२ला मी तयार होते, विषयाचे अर्ज टाईप करून ठेवलेले, फक्त तारीख आणि राजपत्राचा क्रमांक घालायचा बाकी. त्या वर्षी माझ्या ४ गावांतून नीट ठराव गेले. एका गावाने ‘आम्हाला नको’ असा ठराव केला. तोही मी तितक्याच काळजीने तपासून पाठवला.

यावर माझ्याबरोबरची काही मंडळी चिडली होती. म्हणाली तू संवर्धनाचं काम करतेस की विरोधकांचं. माझं मत अगदी पक्कं आहे, गावाने नाही म्हटलं असेल तर ते नाही नीट कागदावर गेलं पाहिजे, नियमात बसणारं गेलं पाहिजे. नाहीतर ज्या दिवशी गाव हो म्हणेल त्या दिवशी त्याच्या हो-ला कोण किंमत देणार. हे ज्यांना पटत नाही त्यांनी कृपा करून लोकसहभाग हा शब्द वापरू नये.

‘नको’ म्हणणाऱ्या गावात बऱ्याचदा भीती असते आणि ती भीती खोट्या माहितीतून येते हे खरं आहे, आणि ते दूर करणं तुमचं काम आहे. एकदा इको-सेन्सिटिव्ह लागलं की काजूची फांदी तोडता येणार नाही, घराची कौलं बदलायला परवानगी लागणार, जमीन विकता येणार नाही, पोराच्या नावावर करता येणार नाही, हे मी प्रत्येक गावात ऐकलंय. तिथे भाषण करू नका. मसुदा काढा आणि वाचून दाखवा. बंदी कशावर आहे तर खाणी, दगडखाणी आणि वाळू उपसा, असलेल्या खाणी ५ वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल श्रेणीतले, म्हणजे सर्वात जास्त प्रदूषण करणारे नवे उद्योग, २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं, ५० हेक्टर आणि त्याहून मोठ्या टाऊनशिप. शेती, बागायत, राहत्या घराची दुरुस्ती यांना हात लावलेला नाही, जमिनीची मालकी बदलायलाही आडकाठी नाही. मी हा भाग मराठीत दोन पानांवर मोठ्या अक्षरात करून ठेवलाय आणि वाचताना गावातल्याच कोणाला तरी वाचायला देते, शाळेतल्या बाईंना किंवा एखाद्या बारावीच्या मुलाला. माझ्या तोंडून आलेलं ‘संस्थेचं’ होतं, त्यांच्या तोंडून आलेलं कागदातलं राहतं.

पण एक सांगते, सगळी भीती खोटी नसते. वनसंज्ञेमुळे ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनीचं काम वर्षानुवर्षं अडलंय त्या माणसाला ‘काही होणार नाही’ असं सांगायचा तुम्हाला हक्क नाही. त्याचं ऐका, त्याचा सातबारा बघा, आणि ठरावात तशी अट घालता येते हे त्याला सांगा. गाव ‘हो, पण’ म्हणू शकतं. ‘आमचं गाव घ्या, पण वनसंज्ञेचा प्रश्न आधी सोडवा’ असा ठराव पूर्ण चालतो. हे मला कोणी शिकवलं नाही, एका गावातल्या आजोबांनी सभेत उभं राहून सुचवलं.

आता शॉर्टकट. तयार मजकुराच्या हरकती, नाव टाका आणि पाठवा असल्या. मला त्या आवडत नाहीत आणि मी ते लपवत नाही. २०२० मध्ये ईआयएच्या, म्हणजे प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नियमांच्या मसुद्यावर लाखांनी ईमेल गेले, त्याने विषय देशभर पोचला हे मान्य, दबाव म्हणून त्याचा उपयोग असतो. पण जमिनीच्या नियोजनात, जिथे एका गावच्या एका डोंगराचा प्रश्न आहे, तिथे एकसारखी ५०० पत्रं एका गठ्ठ्यात बांधली जातात आणि उत्तरही एकच मिळतं. त्याच्याऐवजी १२ पत्रं, प्रत्येकाचा गट नंबर वेगळा, प्रत्येकाचं कारण वेगळं, एकाच्या विहिरीचं, एकाच्या देवराईच्या वाटेचं, एकाच्या गुरांच्या चराईचं, सोबत साधा हाताने काढलेला नकाशा, अशी पाठवा. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं, निदान वेगळं वाचावं तरी लागतं. गूगल अर्थवर हद्द काढायला शिका, क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर थोडंफार शिका, पण ड्रोनच्या व्हिडिओवर पैसे घालवू नका, तो बघून कोणी निर्णय बदलल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

जनसुनावणीचं थोडं सांगून ठेवते कारण त्यात लोक फार हताश होतात. खाण किंवा मोठा प्रकल्प असेल तर २००६च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे सुनावणी होते, ३० दिवस आधी नोटीस, प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळाला पाहिजे, जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी अध्यक्ष, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं. इथे गणपूर्ती नसते, म्हणजे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असंच धरतात. बहिष्काराच्या आधी हे गावाला स्पष्ट सांगा, मग गाव काय ठरवेल ते ठरवेल. आणि सुनावणी संपताना झालेल्या कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत तिथेच वाचून दाखवायचा असतो. लोक भाषणं करून, घोषणा देऊन, दमून घरी जातात आणि वाचन होतं तेव्हा समोर खुर्च्या मोकळ्या. गावातले पाच जण तरी शेवटपर्यंत बसवा, आपला मुद्दा वाचनात आला नाही तर उठून तिथल्या तिथे सांगायचं आणि नोंद करून घ्यायची.

गोव्याचं उदाहरण मी प्रत्येक नवीन मुला-मुलीला देते, कारण आपल्या सीमेपलीकडे तासाभरावर घडलेलं आहे. २०११ सालापर्यंतच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध (कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा आराखडा) २००६च्या शेवटी गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. मग चार्ल्स कोरियांसारखा वास्तुरचनाकार असलेला टास्क फोर्स बसला आणि २०२१ सालापर्यंतचा आराखडा गावागावांकडून सूचना घेऊन करायचा प्रयत्न झाला. तिथल्या साध्या माणसांना नकाशातला हिरवा कुठला आणि पिवळा कुठला, सेटलमेंट म्हणजे काय आणि ऑर्चर्ड म्हणजे काय हे कळतं, टॅक्सीवाला सुद्धा तुम्हाला समजावेल. पण तिथलीच पुढची गोष्टही सांगायला हवी, आराखडा झाला म्हणून विषय संपला नाही, नंतर नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून एकेका प्लॉटचा झोन बदलायची सोय केली गेली, लोक परत कोर्टात गेले, मग तसंच कलम ३९अ आलं, त्यावर परत हरकती. म्हणजे तुम्ही जे वाचवाल ते दर दोन-चार वर्षांनी परत वाचवावं लागणार आहे. हे ऐकून ज्यांना धडकी भरते त्यांनी आत्ताच विचार करावा, मी कोणाला दोष देणार नाही.

आमच्या पट्ट्यातही तेच. २०१३ पासून इथे वृक्षतोडीला उच्च न्यायालयाची बंदी, तरी तोड चालू राहिली. तिलारीचं २९ चौरस किलोमीटरच्या आसपासचं क्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव झालं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्याला संवेदनशील क्षेत्र जाहीर करायला ४ महिन्यांची मुदत घालून दिली. तो निकाल वाचला त्या दिवशी मी घरी येऊन रडले, आनंदाने. त्या २५ ग्रामसभांचे ठराव करणारी माणसं, त्यातली काही आता नाहीत. त्यांनी ठराव नीट केले म्हणून इतक्या वर्षांनी कोणी बोट ठेवून दाखवू शकलं की बघा, लोकांनी मागितलं होतं.

गुरू कोणाला करायचं हे मला खूप जण विचारतात. माझं थोडं कडू मत आहे. ज्या मोठ्या माणसाच्या हाताखाली तुम्ही सह्या गोळा करता आणि पत्रकार परिषदेत तुम्हाला खुर्च्या मांडायला लावतात, तिथे सहा महिन्यांच्या वर राहू नका. प्रमाणपत्रवाल्या इंटर्नशिपही तशाच. माझे खरे शिक्षक तीन, ते शिपाईकाका, एक निवृत्त तलाठी ज्यांनी मला फेरफार वाचायला शिकवलं, आणि एका वाडीतली अंगणवाडी सेविका जिला कुठल्या घरात कोणाशी बोलायचं हे माहीत होतं. यांच्यापैकी कोणाचंही भाषण तुम्हाला कधी ऐकायला मिळणार नाही. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव जमलं तर जाऊन बघा, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ असते पण तिच्यामागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यास गट आहेत, सर्वसहमती होईपर्यंत थांबायची सवय आहे, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले ते त्या बैठकांमुळे. मी तिथे तीन दिवस होते. माझी घाई तिथे थोडी कमी झाली.

पैशाचं बोलायलाच हवं. सुरुवातीला कमी मिळतात, बारा-पंधरा हजारात भाडं आणि एसटी भागवावी लागते, प्रोजेक्ट संपला की दोन-तीन महिने काहीच नाही. घरचे विचारतात की एमएस्सी करून ग्रामपंचायतीत चकरा काय मारतेस. माझी आई अजून विचारते. मी मधे वर्षभर सोडून कोल्हापूरला एका खाजगी कंपनीत नकाशे काढायचं काम केलं, पैसे साठवले आणि परत आले. त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही, तुम्हालाही वाटू देऊ नका. नकाशाचं काम, माहिती अधिकाराचे अर्ज, मराठी-इंग्रजी भाषांतर, यातलं एक तरी कौशल्य असं ठेवा ज्यावर पोट भरेल. मसुदे इंग्रजीत येतात आणि चांगलं मराठी करणारं कोणी नसतं, तुमचं मराठी चांगलं असेल तर तुम्ही आजपासून उपयोगी आहात, खरंच सांगते.

आणि चुका होतील. माझ्यासारखी झाली तर लगेच त्या गावात जा, दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी जा. मी तीन महिने टाळलं, त्या तीन महिन्यांनीच जास्त बिघडलं. शेवटी गेले तेव्हा ज्यांनी तक्रार केली होती त्यांच्याच घरी पहिल्यांदा गेले आणि म्हटलं की तुम्ही बरोबर होतात, नोटीस द्यायला हवी होती. त्यांनी चहा दिला नाही, पण ऐकून घेतलं. २०२२च्या ग्रामसभेला ते आले होते, विरोधात बोलले, ठराव घेऊ नका म्हणून हात वर केला, आणि त्यांचा विरोध इतिवृत्तात नावासकट लिहिला गेलाय की नाही हे मी ग्रामसेवकांच्या शेजारी उभी राहून तपासलं.

तर मेसेज करणाऱ्या त्या मुलीला, आणि बाकीच्यांना, पहिलं काम हे सांगते. जी ग्रामसभा आता पुढे येतेय, तुमच्या स्वतःच्या गावची, मामाच्या गावची, कुठलीही, तिला जा. मागे बसा. नोटीस किती दिवस आधी लागली ते आधी जाऊन बघून या, त्यावर विषय किती होते ते लिहून ठेवा, आणि सभेत प्रत्यक्ष किती झाले ते मोजा. हजेरी वही कोणाकडे असते, सभा संपल्यावर ती कुठल्या कपाटात जाते, कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे बघा. काहीही बोलू नका त्या दिवशी. मग मला परत मेसेज कर, मी तुला अर्जाचा नमुना पाठवते.